आत्तार सरांची इटालियन

आत्तार सर कुठल्याही गाडीत सरळ जाऊन बसत नसत. आधी गाडीभोवती एक फेरी, मग गुडघ्यांवर हात टेकवून वाकायचं आणि गाडीच्या पोटाखालची जमीन बघायची. तिथं तेलाचा किंवा पाण्याचा डाग नसला, तरच दार उघडायचं. कंपनीची बस असो, शेअर रिक्षा असो, नाहीतर पुतणीच्या लग्नातली फुलांनी मढवलेली गाडी असो. त्या लग्नात नवरदेव आत बसून घामाघूम झाला होता आणि आमचे सर नव्याकोऱ्या शेरवानीत रस्त्यावर वाकले होते. "गाडी तोंडानं खोटं बोलते, पोटानं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गेल्या वर्षी सर गेले. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण मला लिहायचंय ते त्यांनी इटालियन गाडी घरी आणली त्या दिवसाबद्दल. ते कसे होते हे मला त्या दिवशी जितकं कळलं, तितकं दहा वर्षांच्या नोकरीत कळलं नव्हतं.

मी उमरग्याहून डिग्री घेऊन चाकणच्या कंपनीत आलो, तेव्हा सर मेंटेनन्सचे प्रमुख होते. आमच्या घरात दहावीपुढे गेलेला मी पहिलाच. मुलाखतीत माझं इंग्रजी दोन वाक्यांत संपलं आणि मी गप्प बसलो. सर म्हणाले, "मराठीत सांग. मशीनला इंग्रजी येतं असं तुला कुणी सांगितलं?" मी मराठीत सांगितलं आणि नोकरी लागली. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'उमरगेकर' झालो. पुढे वडील मला भेटायला आले आणि धोतर-टोपीतला माणूस बघून त्यांना गेटवर अडवलं गेलं. सर स्वतः गेटपर्यंत चालत गेले. वडिलांच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, त्यांना माझ्या प्रेसपाशी आणलं आणि म्हणाले, "दोन्ही हातांनी ही दोन बटणं एकदम दाबा. तुमच्या पोराची मशीन आहे, घाबरायचं नाही." वडिलांनी दाबली. ती बटणं हिरवी होती, हे वडील गावात कित्येक दिवस सगळ्यांना सांगत होते.

सरांची आणखी एक खूण आम्हा सगळ्यांना पाठ होती. मामला जितका गंभीर, तितका त्यांचा आवाज खाली जायचा. रोजचं बोलणं मोठ्यानं, थट्टा त्याहून मोठ्यानं. पण एखादी मशीन खरंच हाताबाहेर चालली असली, की सर कानाशी येऊन बोलल्यासारखं बोलत. त्यांचा आवाज ऐकू येईनासा झाला, की सगळ्या डिपार्टमेंटला घाम फुटायचा.

निवृत्तीच्या आधी काही महिने कंपनीतच त्यांच्या छातीत दुखायला लागलं. स्टेंट बसवावा लागला. आता आराम करतील असं आम्हाला वाटलं, आणि नेमकी तेव्हाच त्यांना कुरुळीतल्या त्या गाडीची खबर लागली.

गाडी जुन्या ओळखीची होती. सर पिंपरीत अप्रेंटिस असताना एक इटालियन इंजिनियर मशीन बसवायला आला होता. त्यानं येताना स्वतःची गाडी आणली होती. दोन माणसांची, चपटी, पाचरीसारखी, आणि इंजिन सीटच्या पाठीमागे, गाडीच्या मधोमध. जेवणाच्या सुट्टीत तो एकेका अप्रेंटिसला बसवून कंपनीच्या आवारात फेरी मारायचा. सरांचा नंबर आला आणि भोंगा वाजला. "त्यानं हातानं खूण केली, उद्या," सर सांगत. "उद्या त्याची मशीन चालू झाली आणि परवा तो गेला." जाताना त्यानं गाडी कुरुळीच्या एका कंत्राटदाराला विकली. कंत्राटदार वारला आणि गाडी कांद्याच्या गोदामात पडून राहिली. आता त्याचा धाकटा भाऊ बबनराव ती विकायला निघाला होता.

आम्ही बघायला गेलो, तेव्हा बबनरावांनी ताडपत्री ओढून बाजूला केली. नारिंगी रंग विटला होता, पण आकार असा, की उभी असतानाही ती निघाल्यासारखी वाटावी. माझ्या कमरेच्या थोडी वर, एवढीच उंची. सरांनी फेरी मारली, खाली वाकले, आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. मी घाबरून हात धरला, तर ते हसत होते. "कोरडी आहे रे," म्हणाले.

"सर, इंजिन मधे असल्यानं एवढं काय होतं?" मी विचारलं.

"कळशी कमरेवर घेतली, की माणूस हवा तसा वळतो. तीच कळशी हात लांब करून धर, मग कळशी तुला वळवते. बाकीच्या गाड्यांनी कळशी हात लांब करून धरलीय."

किंमत एका नव्या छोट्या गाडीपेक्षा कमी होती. कागद सरळ होते. बबनराव म्हणाले, "पुण्यातला एक हॉटेलवाला मागं लागलाय बगा. इंजिन काढून टाकनार आन् गाडी हॉटेलात मधी ठिवनार. पोरं फोटू काढत्याल म्हनं." हे ऐकल्यावर सरांचा आवाज एकदम खाली गेला. "इंजिन काढणार?" त्यांनी विचारलं, आणि मला कळलं, की ही गाडी आता ते सोडत नाहीत.

पण खरी परवानगी दिघीच्या घरात मिळायची होती. सरांच्या पत्नी जुबेदा भाभी निवृत्त शिक्षिका. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि वर्गात नियम सांगावा तसं सांगितलं, "घ्या. मी अडवत नाही. पण या उमरगेकरच्या समोर सांगते. कुरुळीहून इथपर्यंत ती स्वतःच्या पायानं आली, तर दारात राहील. वाटेत एकदा जरी थांबली, तर तिथूनच मागं फिरवायची. उन्हात रस्त्यावर गाडी ढकलणारा नवरा मला नको. एकदा दवाखान्याच्या बाकावर बसले, पुरे झालं."

"मंजूर."

"जबान?"

"जबान," सर म्हणाले.

त्यानंतर कित्येक रविवार आम्ही त्या गोदामात घालवले. सरांना वाकायची बंदी, म्हणून गाडीखाली मी आणि स्टुलावर सर. टाकी साफ केली, सगळे होज, म्हणजे पाण्याच्या रबरी नळ्या, बदलले, ब्रेक नवे केले. या गाडीत इंजिन मागे आणि पाणी गार करणारा रेडिएटर पुढे नाकाशी, त्यामुळे पाण्याचे पाइप गाडीच्या पोटातून लांबच लांब गेलेले. त्यांत हवा अडकली, की पाणी फिरत नाही आणि इंजिन तापतं. ती हवा काढता काढता आमचे दोन रविवार गेले. बबनरावांशी सरांनी तेही बोलून ठेवलं होतं, की गाडी घरापर्यंत पोचली नाही तर संध्याकाळपर्यंत परत. बबनराव म्हणाले, "आना की. दुसऱ्या दिशी हाटेलवाल्याचा ट्रक येनारच हाय."

सरांचा बेत पहाटे निघायचा होता, रस्ता रिकामा असताना. पण बबनरावांनी मुहूर्त काढला होता दुपारचा. पूजा झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही आणि जेवल्याशिवाय माणसं हलवायची नाहीत, यावर घरचे सगळे ठाम. सर अवघडून हसले आणि बसले. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. बबनरावांनी झेंडूचे मनगटाएवढे जाड दोन हार आणले होते. एक नाकावर बांधला. दुसरा हातात घेऊन विचारलं, "इंजिन मागं हाय म्हंता न्हवं? मग मान इंजिनाचा. ह्यो मागं." आणि सुतळीनं तो मागच्या झाकणावर आडवातिडवा घट्ट बांधून टाकला, वाऱ्यानं उडू नये म्हणून. सर तेवढ्यात बंदी विसरून, खाली वाकून शेवटचं एकदा जमीन बघत होते. उठल्यावर त्यांनी बबनरावांना मिठी मारली. त्या माणसाचे डोळे भरून आले होते. भावाची गाडी होती ती.

आम्ही निघालो तेव्हा पहिली शिफ्ट सुटायची वेळ झाली होती. एप्रिलचं ऊन. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे मी उजवीकडे. "समोरून काय येतंय ते मला दिसत नाही. उजवे डोळे तुझे," सर म्हणाले. आम्ही इतके खाली बसलो होतो, की शेजारच्या कंटेनरच्या चाकाचे नट माझ्या नाकासमोर फिरत होते. पण पाठीमागून त्या इंजिनाचा आवाज आला आणि कुरुळीच्या वळणावर गाडी अशी वळली, जणू सरांनी फक्त तिकडे बघितलं होतं. सर मोठ्यानं हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं.

चिंबळी फाट्याला गर्दीनं आम्हाला गिळलं. कंपन्यांच्या बस, टेम्पो, दुचाक्या, कंटेनर. हात-दोन हात पुढे जायचं आणि थांबायचं. बसच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "ओ काका, गाडी वाढायची राहिली का अजून?" सरांनी हात हलवला. मी हसलो, आणि तेव्हाच पाण्याच्या तापमानाचा काटा मला दिसला. अर्ध्याच्या वर होता.

"सर."

"बघतोय."

पूल येईपर्यंत काटा आणखी वर गेला. सरांनी हीटर पूर्ण उघडला. इंजिनाची उष्णता आत ओढून घ्यायची, म्हणजे तेवढीच ती बाहेर पडते, हा जुना उपाय. पायांवर भट्टीसारखा झोत आला. बाहेर ऊन, आत हीटर, आणि सरांच्या कपाळावरून धार लागलेली. मला काट्याची काळजी करावी, की त्यांची, ते कळेना. काटा जरा खाली आला. इंद्रायणी ओलांडून मोशीत शिरलो, तसा पुन्हा चढायला लागला.

"पाइपमधे हवा राहिली असेल का?" मी विचारलं.

"वास येतोय का कसला?" सरांनी विचारलं. आवाज खाली गेला होता.

वास येत होता. जळका, पण तेलाचा नाही, रबराचाही नाही. जरासा गोडसर. मी तसं सांगितलं. काटा तांबड्या पट्ट्याला टेकला. आणि तेवढ्यात पुढची गर्दी फुटली. टेम्पो सरकला, बस डावीकडे गेली, समोर भोसरीच्या दिशेनं मोकळा रस्ता.

"सर, मोकळं झालं! दहा-पंधरा मिनिटं. वारा लागला की गार होईल. पोचू आपण."

"पोचू," सर म्हणाले. एवढ्या हळू, की मला ओठांवरून कळलं. "पण डोकं वाकडं होईल इंजिनाचं."

"सर, थांबलो तर गाडी गेली. उद्या हॉटेलवाला इंजिन काढणारच आहे!"

"त्यानं काढू दे. मी जाळणार नाही."

आणि त्यांनी चावी फिरवली. मागचा आवाज बंद झाला. त्या शांततेत आमच्या मागचे सगळे हॉर्न एकदम ऐकू आले.

मी उतरून ढकलायला लागलो. सर उतरायला निघाले तसा मी ओरडलो, आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो, "तुम्ही स्टिअरिंग धरा!" शिफ्टवरून सुटलेली चार पोरं धावत आली. "बंद पडलं का भाऊ विमान?" म्हणत त्यांनी गाडी एका रसवंतीच्या बाजूला लावून दिली. एकानं न विचारता पुढचं बॉनेट उघडलं आणि आत नुसती रिकामी जागा बघून बोंब मारली, "काका, इंजिनच पडलं की वाटेत!" बाकीचे हसत सुटले. त्यांतलाच एक मागे गेला आणि म्हणाला, "ओ, हे बघा. हार भाजलाय."

मी आणि सर मागे गेलो. मागच्या झाकणाला इंजिनाची गरम हवा बाहेर जायला झरोके आहेत. त्या झरोक्यांवर झेंडूचा हार सुतळीनं आवळून बसला होता, खालची फुलं काळीठिक्कर पडलेली. पुढे जाऊन बघितलं, तर नाकावरचा हार घसरून रेडिएटरच्या तोंडात ओढला गेला होता. आमच्या पाइपमध्ये हवा नव्हती. होजही ठीक होते. गाडीचा श्वास आम्ही दोन्ही बाजूंनी कोंडला होता.

सर कपाळावर हात मारून रसवंतीच्या बाकावर बसले. "आयुष्यभर खाली बघत आलो," म्हणाले. "वर काय आहे ते बघितलंच नाही."

मी हार कापून काढले. रेडिएटरचा पंखा फिरता ठेवला. मनात हिशोब केला आणि म्हणालो, "सर, बिघाड काहीच नाही. तासाभरात गार होईल. मग आरामात जाऊ. भाभींना कशाला सांगायचं? त्यांना वाटेल गर्दी होती."

सरांनी माझ्याकडे बघितलं, खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर नंबर लावला. "जुबेदा, गाडी थांबली. मोशीत, रसाच्या दुकानापाशी. नाही, मी सावलीत आहे. हो. बबनरावांना कळवतो." फोन ठेवून ते गाडीकडे बघत बसले. रस समोर तसाच होता. बबनरावांना फोन लावायला मात्र त्यांचा हात वळत नव्हता.

भाभी रिक्षानं आल्या. हातात पाण्याची बाटली आणि सरांच्या गोळ्यांची डबी. गाडीकडे त्यांनी बघितलंही नाही. सरळ सरांपाशी आल्या. "हात बघू."

सरांनी तळवे पुढे केले. स्वच्छ होते.

"ढकलली नाहीत?"

"नाही."

"उमरगेकर, तू सांग. ती आपोआप थांबली, की यांनी थांबवली?"

"सरांनी थांबवली, भाभी. पुढे रस्ता मोकळा झाला होता. मी म्हणत होतो जाऊ या. त्यांनी ऐकलं नाही. इंजिन जळलं असतं म्हणाले."

भाभी बाकावर सरांच्या शेजारी बसल्या. मग रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "गाडीचं इंजिन तापलं तर थांबलात. मागच्या वर्षी चार दिवस छाती दुखत होती. कंपनीचं शटडाउनचं काम आहे म्हणत जात राहिलात. तेव्हा नाही थांबलात."

सरांची मान खाली होती. "तेव्हा काटा दिसत नव्हता," ते म्हणाले.

"मला दिसत होता."

रसवंतीच्या चरकाचे घुंगरू तेवढे वाजत होते. मी उगाच हाराचे तुकडे गोळा करत राहिलो. सर बोलले तेव्हा आवाज अगदी खाली होता. "यापुढे तू सांगशील तेव्हा थांबेन."

"जबान?"

"जबान."

भाभी उठल्या, पदर खोचला आणि पहिल्यांदा त्या गाडीभोवती नीट फिरल्या. उतरत्या काचेवर बोट फिरवून बघितलं. पुढचा झाकलेला दिवा बघून "हिला डोळे नाहीत का?" असं विचारलं. सरांनी आत हात घालून बटण दाबलं, तसे दोन्ही दिवे टुणकन वर आले आणि भाभी दचकून मागे सरल्या. मग हसू दाबत म्हणाल्या, "कोणत्या बाजूनं बसायचं मी?"

सरांना क्षणभर उमगलंच नाही. मला उमगलं. मी धावत जाऊन उजवं दार उघडलं.

इंजिन गार झालं होतं. सरांनी पाणी बघितलं, चावी फिरवली आणि गाडी पहिल्या हाकेला बोलली. दोनच माणसांची गाडी, त्यामुळे भाभी ज्या रिक्षातून आल्या होत्या तिच्यात मी बसलो. रिक्षावाल्यानं विचारलं, "तुमाला खाली उतरवलं व्हय, दादा?"

"हो," मी म्हणालो, "चला त्यांच्या मागं."

दिघीच्या अलीकडे रस्ता पुन्हा दाटला. सरांना उजवीकडे वळायचं होतं आणि पलीकडून एक अवजड कंटेनर हॉर्न देत येत होता. त्या उंचीवरून त्याला ही एवढीशी नारिंगी गाडी दिसत असेल की नाही, या विचारानं मी रिक्षातून डोकं बाहेर काढलं. तेवढ्यात उजव्या खिडकीतून भाभींचा हात बाहेर आला. बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या आणि तळवा त्या कंटेनरच्या तोंडासमोर उभा राहिला.

"ओ भाऊ! थांबा जरा. वळू द्या त्यांना," त्यांचा वर्गातला आवाज रिक्षापर्यंत आला.

कंटेनर थांबला. आणि सर हवे तसे, एका झोकात, घराकडे वळले.